खिशावरच्या दोन पट्ट्या

स्काऊटचा गणवेश ज्याला वाचता येतो, त्याला समोरच्या मुलाची फारशी चौकशी करावी लागत नाही. गळ्यातला स्कार्फ पथक कुठलं ते सांगतो. बाहीवरचं सोपानाचं चिन्ह मुलगा शिकत शिकत कुठवर आलाय ते सांगतं. आणि डाव्या खिशावर, सदस्यत्वाच्या बिल्ल्याच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या पट्ट्या शिवलेल्या असल्या, तर तो संघनायक, म्हणजे सहा-आठ मुलांच्या संघाचा पुढारी, पॅट्रोल लीडर. एकच पट्टी असेल तर उपसंघनायक, तीन असतील तर ट्रूप लीडर, म्हणजे सगळ्या पथकाचा पुढारी मुलगा.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि बरीच वर्षं स्काऊटचं पथक चालवतो. पालकसभेनंतर लोक थांबतात, चहा घेता घेता विचारतात, "सर, आमच्याचा तृतीय सोपान कधी व्हायचा? राज्य पुरस्काराला यंदा बसेल ना? दहावीला मार्क धरतात म्हणे त्याचे." सगळे प्रश्न बाहीबद्दलचे. खिशाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. मुलाला पट्ट्या मिळाल्यात हे कित्येक घरांत माहीतही नसतं. आई शर्ट धुताना बघते आणि शाळेनं काहीतरी लावायला सांगितलं असेल म्हणून सोडून देते. याचं मला वाईट वाटतं. कारण एवढी वर्षं मुलांत वावरून माझी खात्री झालीय, की स्काऊटिंगमधून मुलाला आयुष्यभर पुरेल असं जे मिळतं, ते बहुतेक त्या खिशामुळे मिळतं.

आधी बाहीबद्दल बोलतो, कारण तीही मला प्रिय आहे.

भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये मुलगा साधारण 10 व्या वर्षी, म्हणजे पाचवीत पथकात येतो. आधी प्रवेश. मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान. पुढे राज्य पुरस्कार, त्यावर राज्यपालांची सही असते. सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. प्रवेशाला वचन, नियम, तीन बोटांचा सॅल्यूट, डाव्या हातानं हस्तांदोलन, प्रार्थना, झेंडागीत. मग हळूहळू गाठी, प्रथमोपचार, चूल, होकायंत्र, नकाशा, अंतराचा अंदाज, तंबू, लाकडं बांधून केलेली कामं, आणि जोडीला आवडीनुसार निवडलेले प्रावीण्य बॅज. प्रत्येक पायरीला ठरावीक महिने द्यावेच लागतात. घाईघाईनं एका सुट्टीत चार पायऱ्या चढता येत नाहीत.

या शिडीत पहिला नंबर नसतो, ही मला तिची फार मोठी गोष्ट वाटते. आमच्या शाळेत दर चाचणीनंतर भिंतीवर यादी लागते. गणिताचा शिक्षक म्हणून ती यादी मीच लावतो, आणि तळाच्या नावांची मुलं त्या भिंतीवरून कशी मान फिरवून जातात तेही रोज बघतो. तीच मुलं शनिवारी मैदानात येतात. बोलाइन गाठ आली की आली. ती शेजाऱ्याच्या आधी आली की नंतर, याचे गुण नाहीत. 35 गुणांसाठी धडपडणाऱ्या मुलाच्या आणि वर्गात पहिल्या येणाऱ्याच्या बाहीवर अगदी एकसारखं चिन्ह लागतं. हे ज्यानं आखलं त्याला मुलं कळली होती.

पण वरच्या पायऱ्यांना बाहेरच्या गरजा येऊन चिकटल्या. दहावीच्या निकालात वाढीव गुण आले. रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते, त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वूड बॅज, म्हणजे स्काऊट शिक्षकाच्या वरच्या प्रशिक्षणाचा बॅज, लागतो. शेतमजुराच्या मुलाला यातून नोकरी लागत असेल तर तो आनंदच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती चाचणीच्या आदल्या रात्री भरल्या जाणाऱ्या लॉगबुकांबद्दल. एका शिबिरात मी अशा वह्या पाहिल्या, की आठ मुलांच्या हायकच्या, म्हणजे पायी सहलीच्या, वर्णनात तोच ओढा, तोच पूल आणि त्याच वडाखाली तीच विश्रांती. अक्षर वळणदार, बहुधा कुणाच्या तरी ताईचं. त्या मुलांना तो ओढा दिसलाच नव्हता. शिडी तीच, फक्त चढायचं कुणाला राहिलं नव्हतं.

आता खिसा.

स्काऊट एकटा नसतोच. सहा ते आठ मुलांचा एक संघ, असे तीन-चार संघ मिळून पथक. मुलांच्या संघांना प्राणी-पक्ष्यांची नावं, गाईडमध्ये मुलींच्या संघांना फुलांची. आमच्याकडे वाघ, गरुड, मोर आणि नाग आहेत. प्रत्येकाचा झेंडा वेगळा, आरोळी वेगळी, मैदानातला कोपरा वेगळा. या सहा-आठ मुलांचा पुढारी त्यांच्यातलाच एक. मास्तरानं त्याच्यामार्फत बोलायचं, थेट मुलांच्या डोक्यावर जाऊन उभं राहायचं नाही.

ही कल्पना आली तीसुद्धा प्रत्यक्ष गरजेतून. 1899-1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेत माफेकिंगला वेढा पडला तेव्हा गावातल्या मुलांची एक तुकडी निरोप पोचवणं, टेहळणी अशी कामं करत होती आणि तिचा प्रमुख वॉर्नर गुडइयर नावाचा एक मुलगाच होता. गावाच्या बचावाची सूत्रं बेडन-पॉवेल यांच्याकडे होती, ज्यांनी पुढे स्काऊट चळवळ सुरू केली. मुलांवर जबाबदारी टाकली की ती पेलतात, हे त्यांनी तिथं पाहिलं. 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर त्यांनी विसेक मुलांचं शिबिर घेतलं. काही मुलं श्रीमंतांच्या निवासी शाळांतली, काही कामगारवस्तीतली. त्यांचे चार संघ पाडले: लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू नावाचा लांब चोचीचा पाणपक्षी. प्रत्येक संघावर एक मोठा मुलगा, आणि आपल्या पोरांची पूर्ण जबाबदारी त्याची. तंबू, गाठी, माग काढणं हे सगळं त्या आठवड्यात होतंच, पण माझ्या मते त्या शिबिराचा खरा शोध म्हणजे ते चार मोठे मुलगे.

हिंदुस्थानात 1909 साली बंगळुरूला पहिलं पथक निघालं, ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. देशी मुलांना पुढारीपण शिकवायला सरकार राजी नव्हतं. 1913 च्या सुमारास ते आपल्या लोकांनीच सुरू केलं: शाहजहानपूरला श्रीराम बाजपेयींनी, आणि मध्य प्रांतात विवियन बोस यांनी, जे नागपूरला वकिली करत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. वेगवेगळ्या संस्था एकत्र येऊन 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली. परक्या सरकारनं जी गोष्ट आपल्या मुलांच्या हाती द्यायला खळखळ केली, ती आज आपल्या हातात आहे, आणि आपण ती वर्गातल्या मॉनिटरगिरीसारखी वापरतो, हे मला खरंच बोचतं.

शाळेत संघनायक कसा ठरतो? बहुतेक ठिकाणी यादी समोर घेऊन. पहिल्या बाकावरचा, आवाज खणखणीत, गणवेश इस्त्रीचा, आईवडील सभेला येणारे. नियम असा आहे की मास्तरानं संघाला आणि मानसभेला, म्हणजे संघनायकांच्या बैठकीला, विचारून नेमणूक करावी. विचारायचं एवढंच, की "तुमच्यातल्या कुणाचं तुम्ही ऐकाल?" विचारून बघा, मुलं फार वेगळी नावं सांगतात.

वाघ संघानं असंच एकदा एक नाव सांगितलं. मुलगा आठवीतला, पहाटे उठून धारा काढून, डेअरीला दूध घालून शाळेत येणारा. बाहीवर द्वितीय सोपान. त्याच्याच संघात तृतीय सोपानाची दोन मुलं होती, तरी पोरांनी याचं नाव घेतलं. का, ते मला शिबिरात दिसलं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाची चाचणी होती. रात्री पावसाची सर येऊन गेलेली, सरपण ओलं, मैदानभर धूर. पातेलं टांगायला तीन काठ्यांचं तिकाटणं बांधायचं होतं. वाघ संघात हे काम पाचवीतल्या सगळ्यात लहान पोराकडे होतं. त्यानं एका काठीला क्लोव्ह हिचची गाठ घालून सुरुवात बरोबर केली, तिन्ही काठ्यांतून दोरी वरखाली विणली, पण काठ्यांच्या मधून जे आवळणारे फेरे घ्यायचे असतात ते विसरला आणि तशीच शेवटची गाठ मारली. पाय फाकवून तिकाटणं उभं केलं, पातेलं टांगलं, आणि दोन मिनिटांत बांधणी सैल होऊन पातेलं कलंडलं. थोडं पाणी निखाऱ्यावर, थोडे तांदूळ मातीत. पोराचा चेहरा रडवेला.

संघनायकाला ते तिकाटणं बांधायला मिनिटभर लागलं असतं. शेजारच्या संघात भाताला उकळी आली होती, परीक्षक हातात कागद घेऊन फिरत होते. या मुलानं काय करावं? बाजूला पडलेल्या तीन बारीक काटक्या उचलल्या, खिशातून दोरीचा तुकडा काढला आणि त्या पोराच्या शेजारी उकिडवा बसला. एक शब्द न बोलता काटक्यांचं छोटं तिकाटणं बांधायला लागला. एक फेरा घेतला की थांबायचा. पोरगं आपल्या मोठ्या काठ्यांवर तोच फेरा घ्यायचं. मधले आवळणारे फेरे आले तेव्हा त्यानं फक्त पोराकडे बघितलं. पोरगं म्हणालं, "हां दादा, हेच राहिलं होतं."

भात तासभर उशिरा झाला आणि तळाला लागला. वेळेचे गुण कापले गेले. परीक्षकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या कागदावर वेळेचा रकाना होता आणि शिकवण्याचा नव्हता. पण ते पाचवीतलं पोरगं आज मैदानातल्या नव्या मुलांना तिकाटणं शिकवतं, आणि तेही काटक्या घेऊन, शेजारी उकिडवं बसून.

याच्या उलटही पाहिलंय. एक मुलगा होता, बाही भरलेली, हात सोन्याचे. त्याचा संघ प्रत्येक तपासणीत पुढे असायचा, कारण तंबूची प्रत्येक खुंटी तो स्वतः ठोकायचा. मेळाव्याच्या दिवशी त्याला ताप आला, आणि त्याचा संघ मैदानात नुसता उभा राहिला. कुणाला मोगरी कशी धरायची तेही नीट माहीत नव्हतं. या मुलाला मी दोष देत नाही. त्याला आजवर सगळ्यांनी "तू किती छान करतोस" एवढंच सांगितलं होतं. "तुझी पोरं किती छान करतात" हे त्याच्या कानावर कधी पडलंच नव्हतं.

मानसभा ही या सगळ्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. कोर्ट ऑफ ऑनर. संघनायक एकत्र बसतात आणि पथकाचा कारभार ठरवतात: शिबिर कुठे, पैसे कशावर, शिस्तीचा प्रश्न आला तर काय करायचं. मास्तर सल्लागार. आमच्याकडे ती शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत भरते, दोनशे पानी वहीत इतिवृत्त लिहिलं जातं, आणि मी मागच्या स्टुलावर बसतो. गप्प बसणं हे त्या स्टुलावरचं काम आहे आणि ते अवघड असतं.

गेल्या वर्षी तिथं एका मुलाचा विषय निघाला. गरुड संघातला, सहावीतला. महिनाभर कवायतीला आला नव्हता. एकानं नाव कमी करायचं सुचवलं. गरुडचा संघनायक खाली बघत म्हणाला, "त्याला बूट नाहीत. कवायत असली की तो घरीच राहतो. गाठींच्या दिवशी येतो."

खरी कमाईचे पैसे शिल्लक होते. भेळ, सरबत विकून, दोन अंगणं सारवून मुलांनी ते मिळवलेले. एक जण म्हणाला, त्यातून त्याला बूट घेऊ. लगेच दुसरा, "मग सगळेच मागतील." तिसरा म्हणाला, "आणि तो घेईल का? मी असतो तर नसते घेतले." मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मला एक सोपा उपाय माहीत होता, स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे आणि विषय मिटवायचा. मी बसून राहिलो.

शेवटी त्यांनी ठरवलं ते असं: पथकाच्या साहित्यात जशा दोऱ्या, काठ्या, पातेली आहेत तसे बुटांचे काही जोडही ठेवायचे. नोंदवहीत लिहून कुणीही न्यायचे, कवायत झाली की पुसून परत. पहिल्या शनिवारी गरुडच्या संघनायकानं स्वतःचे बूट घरी ठेवले आणि पेटीतला एक जोड नोंद करून घातला, म्हणजे दुसऱ्या कुणाला घ्यायला संकोच वाटू नये. हे मानसभेत ठरलेलं नव्हतं. तो मुलगा आला. बूट एक नंबर मोठे होते, पुढे कापूस घातला.

मोठ्या माणसांच्या कमिटीनं एक अर्ज छापला असता, त्यावर उत्पन्नाचा दाखला मागितला असता. चौदा वर्षांच्या मुलांनी दुसऱ्याची मान खाली जाऊ न देता वाट काढली. याचं चिन्ह कुठल्याही बाहीवर लागत नाही.

माझ्या ताईचा मुलगा न्यू जर्सीत आहे, तिथल्या पथकात तो ईगल स्काऊट झाला, म्हणजे तिथली सगळ्यात वरची पायरी चढला. अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत हा मोठा सोहळाच असतो. त्याच्याशी बोलताना एक गोष्ट कळली ती मला महत्त्वाची वाटते. तिथं फर्स्ट क्लास नावाच्या पायरीपर्यंत शिडी साधारण आपल्यासारखीच, कौशल्यांची. पण त्याच्या पुढच्या तीन पायऱ्यांना, स्टार व्हायचं तर 4 महिने, लाइफसाठी 6 आणि ईगलसाठी आणखी 6 महिने पथकात एखादं जबाबदारीचं पद सांभाळावं लागतं. संघनायक, साहित्य सांभाळणारा, चिटणीस, असली पदं. म्हणजे बाही आणि खिसा तिथं एकमेकांना शिवलेले आहेत. ईगलला 21 मेरिट बॅज, म्हणजे आपले प्रावीण्य बॅज, लागतातच, शिवाय एक सेवाप्रकल्प, आणि त्यात अट अशी, की तो तू आखायचा आणि इतरांचं नेतृत्व करून पार पाडायचा. भाच्यानं गावातल्या वाचनालयाच्या बागेत बाकं बसवली. मला फोनवर सांगत होता, "मामा, मी दिवसभर एकही स्क्रू लावला नाही म्हणून आई चिडली. तिला वाटलं मी नुसता फिरतोय." त्यानं ताईला समजावलं की एका लहान मुलाला ड्रिल नीट धरता येईना, त्याच्याबरोबर तो अर्धा तास होता आणि प्रकल्प म्हणजे तोच अर्धा तास.

तिथंही सगळं आलबेल नाही. काही मुलं पथकाचा इतिहास लिहिणारा, असलं हलकं पद घेतात आणि महिने भरायची वाट बघतात, हे त्यानंच सांगितलं. आणि उपसंघनायकाचं पद या हिशेबात धरतच नाहीत, हे मला मुळीच पटलेलं नाही. एका पट्टीच्या मुलाचं काम सगळ्यात कठीण. निर्णय त्याचा नसतो, पण न ऐकणाऱ्या पोराला गोडीत घेऊन यायला त्यालाच पाठवतात.

आपल्याकडे तर उपसंघनायक हाच पथकाचा आधार आहे, आणि याचं कारण दहावी. स्काऊट विभाग 17 वर्षांपर्यंतचा, पण आमची मुलं नववीच्या शेवटी निरोप घेतात. "सर, दहावीचं वर्ष आहे." क्लास, सराव परीक्षा, घरचा धाक. पुरस्काराचे गुण दहावीच्या निकालात हवे असतात, म्हणून बाही नववीपर्यंत भरून घ्यायची आणि खिसा सोडून द्यायचा. मुलगा संघ चालवायला जेमतेम शिकतो आणि जातो. म्हणून मी दिवाळीनंतर एक पट्टीवाल्यांच्या हातात संघ देऊन टाकतो. दोन पट्टीवाला त्याच्या शेजारी उभा राहतो, पण हुकूम तो देत नाही. सुरुवातीला मोठ्या मुलांना ते टोचतं. वार्षिक परीक्षेच्या आत बहुतेकांना त्यात गोडी वाटू लागते.

राज्य पुरस्काराच्या चाचणीत मी आणखी एक गोष्ट घातली असती. उमेदवाराला गाठ बांधायला सांगायची नाही. त्याला अनोळखी शाळेतली सहा लहान मुलं द्यायची, एक दुपार द्यायची, आणि संध्याकाळी त्या सहा जणांना गाठ बांधायला सांगायची. गुण त्याला. रेल्वेच्या भरतीलाही हेच करता येईल. प्रमाणपत्र बघणाऱ्यांनी उमेदवाराला एकच प्रश्न विचारावा, "तू सोडल्यावर तुझा संघ कोण चालवतंय?" ज्याला नाव सांगता येईल त्याला घ्यावं.

पुढच्या शनिवारी आमची मानसभा आहे. विषय मुलांनीच फळ्यावर लिहून ठेवलेत. पहिला, नाग संघाला नवा संघनायक. दुसरा, बुटांचा आणखी एक जोड, 4 नंबरचा. तिसरा विषय त्या धारा काढणाऱ्या मुलानं मांडलाय: दहावीत गेलेल्यांना महिन्यातून एक शनिवार पथकात येऊ द्यावं का. तो यंदा दहावीत आहे, त्याला स्वतःला यायचंय. मोर संघाचा याला विरोध आहे. त्यांचं म्हणणं, मोठे आले की लहान पुन्हा त्यांच्याच तोंडाकडे बघतात.